एक स्टार देणाऱ्या साहेबांना गॅरेजकडून उत्तर

नमस्कार साहेब,

तुमच्या एटीव्हीच्या, म्हणजे वाळूवर चालवायच्या चार चाकांच्या गाडीच्या, दुरुस्तीबद्दलचा तुमचा अभिप्राय काल रात्री मुलीने वाचून दाखवला. तुम्हाला त्रास झाला, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. व्हिडिओ कॉलवर आमचा पोरगा हसला तेही चुकलंच, त्याला बोललोय. दोनदा फोन उचलला गेला नाही, ती माझी चूक. हात ग्रीसने भरलेले असतात, पण ते तुम्ही का ऐकून घ्यावं.

बाकी सगळं सोसलं असतं. "साध्या कार्बोरेटर सफाईला आठ दिवस लावले" हे मात्र गिळवत नाही. म्हणून वही समोर घेऊन लिहितोय.

शनिवारी संध्याकाळी सात वाजता तुमच्या किहीमच्या वाडीवरून टेम्पोने गाडी आली. चावी नव्हती. वाडीवरच्या काकांना विचारलं, तर चावी साहेबांकडे मुंबईला. रात्री फोन केला, तेव्हा तुम्ही म्हणालात, उद्या पाहुणे येणार आहेत, काहीतरी करा. रविवार आमचा सगळ्यात गर्दीचा दिवस. पाऊस सरला की नागावच्या किनाऱ्यावरच्या राइडच्या गाड्या एकदम बाहेर निघतात, सगळ्यांच्या एकाच वेळी बिघडलेल्या असतात आणि मालकांची चूल त्यांच्यावरच असते. सोमवारी गॅरेज बंद. ते बोर्डवर लिहिलंय. (जग रविवारी सुट्टी घेतं, किनाऱ्यावरच्या माणसाला सोमवारशिवाय वार मिळत नाही.) मंगळवारी संध्याकाळी तुमचा ड्रायव्हर रो-रोने, म्हणजे गाड्या नेणाऱ्या बोटीने, मांडव्याला उतरला आणि चावी देऊन गेला. म्हणजे तुमच्या आठातले तीन दिवस चावी भाऊच्या धक्क्याच्या पलीकडे, मुंबईत होती.

एक गोष्ट कबूल करतो. चावीशिवाय गाडी चालू करून बघता येत नाही, पण कार्बोरेटर, म्हणजे इंजिनला पेट्रोल आणि हवा मिसळून देणारा भाग, उतरवता आला असता. रविवारी रात्री उतरवला असता तर बरं झालं असतं. नाही उतरवला.

बुधवारी सकाळी बॅटरी तपासली, ११.८ व्होल्ट. भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते, ११.८ म्हणजे रिकामीच. तिला चार्जिंगला लावून कार्बोरेटर खोलला. तुम्ही लिहिलंय, "व्हिडिओ बघून घरीच अर्ध्या तासात झालं असतं." साहेब, घरी ते होऊनच गाडी माझ्याकडे आली होती. बाउलचा (कार्बोरेटरच्या खालची पेट्रोलची वाटी) एक स्क्रू गायब, गॅसकेट ताणून लोंबलेलं, आणि पायलट जेटच्या, म्हणजे आतल्या बारीक पितळी तोटीच्या, भोकात शिवणाच्या सुईचं टोक तुटून बसलेलं. पोरगा हसला तो ते बघून.

तुमचं निदान बरोबर होतं, ते आधी सांगतो. मे महिन्यात भरलेलं पेट्रोल टाकीत तसंच राहिलं. हल्ली पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं, आणि इथेनॉल ओल ओढून घेतं. त्यात आपला कोकणातला पावसाळा. बाउलमधलं पेट्रोल उडून जातं आणि मागे हिरवट चिकटा राहतो. पायलट जेटचं भोक केसाएवढं, पहिलं तेच बुजतं. गाडी थंडपणी चालू होते आणि जागेवर धुगधुगत राहते ती याच जेटच्या पेट्रोलवर, म्हणून नुसता स्टार्टर फिरत राहतो. पण तिथे सुई किंवा तार घालायची नसते. पितळ मऊ असतं. भोक मोठं झालं की गाडी पेट्रोल जास्त पिते, ठिणगी पाडणारा प्लग काळा करते आणि तापली की बंद पडते. क्लीनरचा फवारा मारा, रात्रभर भिजवा, मग हवा मारा. तरी नाही सुटलं तर जेट बदलायचा, महागाची वस्तू नाही ती.

बदलायचा तर आधी बाहेर काढायला हवा ना! स्क्रूड्रायव्हर लहान लावल्यामुळे जेटची खाच खाल्ली गेली होती. तो खोल नळीत बसलेला असतो, पकड आत जात नाही. तेल सोडत, थोडी ऊब देत गुरुवारी दुपारी दीडला तो निघाला. मी स्वतः बसलो होतो, पोराला हात लावू दिला नाही.

दुसरा रस्ता होता. तुमच्या चिनी १२५ सीसीला अख्खा नवा कार्बोरेटर मिळतो आणि एक माझ्या फडताळात होताही. तो लावून बुधवारी दुपारी गाडी दिली असती, बिलात हजार-दीड हजार वाढले असते, आणि तुम्ही कदाचित पाच स्टार दिले असते. मी तुमचे पैसे वाचवायला गेलो. तुम्हाला विचारून करायला हवं होतं, एवढं मान्य.

जेट त्या नंबरचा अलिबागात मिळाला नाही, पुण्याला नाना पेठेतून मागवला. शुक्रवारी संध्याकाळी आला, रात्री बसवला. शनिवारी सकाळी वाळूवर चालवून बघितली आणि दहा वाजता तुम्हाला फोन केला. तुमचा फोन संध्याकाळी आला. गाडी रविवारी गेली. आता यातले माझे दिवस किती, ते तुम्हीच मोजा.

बिल ३,८५० झालं. त्यातले १,२०० टेम्पोचे, जाऊन-येऊन. या गाड्यांचं आरटीओ पासिंग नसतं, रस्त्यावरून चालवत आणता येत नाहीत. ऑइल ४५०, जेट आणि गॅसकेट ३५०, प्लग १५०, चार्जिंग १००, मजुरी १,६००. छापील पावती दिली नाही हे खरं आहे. द्यायला सुरुवात करतोय, बघू.

घरी हात लावू नका असं मी कधीच म्हणालो नाही. उलट वाडीवरच्या काकांना सांगून ठेवा. पावसाळ्याआधी पेट्रोलचा कॉक बंद करायचा, बाउलच्या खालचा स्क्रू सैल करून पेट्रोल काढून टाकायचं. बॅटरीची काळी वायर सोडून ठेवायची. गाडी अजिबात उठत नसेल तर आधी ब्रेक दाबलाय का बघा, इंजिन बंद करायचं लाल बटण बघा, मागची सुरक्षा दोरी (ओढली की इंजिन बंद पडतं ती) जागेवर आहे का बघा. निम्मे फोन मला त्या दोरीचेच येतात. मग प्लग काढून वास घ्या. कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही, ओला असेल तर ठिणगीकडे वळा. ऑइल दुधाळ दिसलं तर स्टार्टरला हातसुद्धा लावू नका, आत पाणी गेलंय. किनाऱ्यावरून आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, पण त्या जोराच्या फवाऱ्याने नव्हे. तो पाणी थेट बेअरिंगमध्ये आणि एअर बॉक्समध्ये, म्हणजे हवेच्या फिल्टरच्या डब्यात, घालतो. फोमचा फिल्टर साबणाने धुऊन, पूर्ण वाळवून, तेल लावूनच बसवा. आणि हवा. तुमच्या टायरांत मी मोजली तेव्हा २८ पीएसआय होती. ही मोटरसायकल नाही, साहेब. या टायरांना ४-५ पुरते, आकडा टायरवरच लिहिलेला असतो. टायर टणक झाले की गाडी उसळते, आणि तिच्यावर तुमची मुलं बसतात. ती हवा मी कमी करून दिली. बिलात लावली नाही, म्हणून तुम्हाला माहीत नसेल.

अभिप्रायात "लूट" हा शब्द आहे. तो काढलात तर उपकार होतील. माझ्या गॅरेजला एकूण चौदा जणांनी स्टार दिलेत. तेरा जणांचे पाच, तुमचा एक. परवापर्यंत पाच दिसायचे, आता ४.७ दिसतात. तुम्हाला तो नुसता आकडा वाटत असेल. दिवाळीत मुंबई-पुण्याची माणसं वाडीवर येतात आणि फोनमध्ये बघूनच गॅरेज शोधतात. स्टार तुम्ही ठेवा, तुमचा हक्क आहे. शब्द तेवढा बघा.

यापुढे गाडी घेताना चावी आणि तारीख दोन्ही लिहून घेणार आहोत. कामाचे फोटो पाठवायचं मुलीने अंगावर घेतलंय.

जुना जेट सुईच्या टोकासकट काड्यापेटीत घालून काउंटरवर ठेवलाय, बाउलचा तुमचा हरवलेला स्क्रूही एअर बॉक्समध्ये सापडला, तो त्यातच आहे. ड्रायव्हर आला की देतो. सोमवारी फक्त पाठवू नका.