कोमट साकेवरील आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

जपानमधील नादा आणि फुशिमी येथील साकेविषयीच्या, म्हणजे तांदूळ आंबवून केलेल्या जपानी मद्याविषयीच्या, माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. आपले आक्षेप थोडक्यात असे आहेत. साके गरम करणे ही हलका माल खपवण्याची युक्ती आहे आणि जाणकार ती थंडच पितात. दाइगिंजो, म्हणजे खूप घासलेल्या तांदळाची साके, हातात असताना मी साध्या किमोतो जुनमाईचे, म्हणजे जुन्या पद्धतीने विरजलेल्या आणि वरून मद्यार्क न घातलेल्या साकेचे, गुणगान करतो, हे माझ्या अपरिपक्व जिभेचे लक्षण आहे, कारण तांदूळ जितका अधिक घासलेला तितका दर्जा वरचा. शिवाय 'कोणतीही साके बेलाशक गरम करावी' हे माझे वाक्य आपल्याला बेजबाबदार वाटले.

शेवटचा आक्षेप मी पूर्णपणे मान्य करतो. ते वाक्य चुकीचे होते. नामाझाके, म्हणजे तापवून निर्जंतुक न केलेली साके, शीतकपाटातच ठेवावी लागते आणि तिचा ताजा, किंचित फसफसणारा स्वभाव थंडीतच टिकतो. तशी बाटली मी स्वतः कधीही तापवत नाही, आणि तरीही लिहिण्याच्या भरात 'कोणतीही' हा शब्द माझ्याकडून गेला. मूळ लेखात आजच दुरुस्ती केली आहे.

पहिल्या दोन मुद्द्यांवर मात्र माझे मत वेगळे आहे. त्यांपैकी दाण्याच्या टक्केवारीचा मुद्दा आधी घेतो. बाटलीवर 50 टक्के लिहिलेले असते, त्याचा अर्थ दाण्याचा निम्मा भाग घासून काढला आणि निम्मा उरला. गिंजो या प्रकारासाठी 60 टक्के किंवा त्याहून कमी दाणा उरावा लागतो, दाइगिंजोसाठी 50 किंवा त्याहून कमी. दाण्याच्या बाहेरच्या थरांत प्रथिने आणि स्निग्धांश अधिक असतात. ते काढून टाकले की सफरचंदासारखा, केळ्यासारखा सुवास मोकळा होतो आणि चव स्वच्छ, पातळ होते. पण प्रथिनांतूनच अमिनो आम्ले येतात आणि त्यांतूनच उमामी, म्हणजे तोंड भरून टाकणारी ती खमंग गोडी येते. म्हणून दाणा घासताना काही मिळते आणि काही गमावलेही जाते. हातसडीच्या तांदळाचा भात आणि पांढऱ्याशुभ्र तांदळाचा भात यांत आपण दर्जाची उतरंड लावत नाही, कशाबरोबर काय खायचे ते पाहतो. दाइगिंजो महाग असते यात वाद नाही. दाणा फुटू न देता दोन-दोन दिवस घासत राहणे आणि निम्मा माल भुकटी म्हणून बाजूला काढणे याची ती किंमत आहे. ती श्रमाची आणि तांदळाची किंमत आहे. आपल्या ताटातील माशाला ती साके अधिक शोभेल याची हमी तीत नाही.

आपण पुण्याचे असल्याचे लिहिले आहे, म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो. सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान ज्या ओकायामाच्या मैत्रीतून उभे राहिले, त्याच ओकायामाचा ओमाची हा साकेचा फार जुना तांदूळ आहे. 1859 मध्ये तो एका शेतकऱ्याच्या हाती लागला. त्याचे रोप उंच वाढते, त्यामुळे आडवे पडते, आणि दाणा मऊ असल्याने घासताना सहज तुटतो. त्याची साके फार न घासता केली तरी भरदार, मातकट, थोडी रानटी लागते. ती मिळाली तर जरूर चाखा.

आता तापवण्याविषयी. आपला समज निराधार नाही, त्यामागे इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तांदळाच्या टंचाईमुळे साकेत शुद्ध मद्यार्क, साखर आणि आम्ले मिसळून तिचा साठा तिप्पट करण्याची रीत पडली, आणि पुढे अनेक दशके असलीच साके कढत करून विकली गेली. आपण लिहिले आहे की एका हॉटेलात दिलेल्या साकेला 'स्पिरिटचा वास' होता. ती कोणती साके होती ते मला ठाऊक नाही, पण कडकडीत तापवलेली कोणतीही साके अशीच नाकात जाईल, कारण त्या तापमानाला मद्यार्काची वाफ आधी वर येते.

जपानी लोकांनी या तापमानांना पाच-पाच अंशांच्या अंतराने नावे दिली आहेत. 35 अंशांना हितोहादा, म्हणजे माणसाच्या अंगाइतकी ऊब. 40 ला नुरुकान. 45 ला जोकान. 50 ला आत्सुकान. किमोतो पद्धतीत लॅक्टिक आम्ल बाहेरून घालत नाहीत. थंडीच्या दिवसांत भात आणि कोजी, म्हणजे खास बुरशी वाढवलेला तांदूळ, लाकडी दांड्यांनी घोटून हवेतल्या, भांड्यातल्या जिवाणूंना ते तयार करू देतात, आणि त्या विरजणाला नेहमीच्या दुप्पट, सुमारे महिनाभर वेळ द्यावा लागतो. या लॅक्टिक आम्लाचा आंबटपणा थंड असताना जिभेला टोचतो आणि कोमट झाला की ताकासारखा गोल होतो. दाइगिंजोचा सुवास मात्र उष्णतेने लवकर उडून जातो, म्हणून ती थंड द्यावी हे आपले म्हणणे बहुतेक वेळा बरोबरच आहे.

मी कोबेत राहतो आणि गेल्या हिवाळ्यात घरी हा प्रयोग अनेकदा केला. पातेल्यात पाणी उकळून गॅस बंद करायचा, साके भरलेली तोक्कुरी, म्हणजे अरुंद मानेची छोटी सुरई, मानेपर्यंत त्यात उभी करायची आणि तळाला बोट लावून पाहायचे. सुमारे दोन मिनिटांनी साके मानेत किंचित वर चढते; तळ बोटाला नुसता उबदार लागला की बाहेर काढायची. फ्रिजमधून काढलेली तीच किमोतो मला आखडलेली, जवळजवळ कडवट लागली होती. 40 अंशांना तिच्यात भाताच्या खरपुडीचा वास आला आणि आंबटपणा मागे सरकला. 55 च्या पुढे गेलेली एक तोक्कुरी मात्र मी पिऊ शकलो नाही.

तेव्हा आपल्याला विनंती आहे की जुनमाईची एकच बाटली घ्यावी, तिचा एक पेला थंड, एक घरातल्या हवेइतका आणि एक नुरुकान असा एकाच बसणीत चाखावा आणि सोबत तळलेला बांगडा किंवा साधे वरण ठेवावे. तापवलेली थोडी साके तशीच निवू द्यावी. तिला जपानीत कानझामाशी म्हणतात. मला त्या किमोतोचा तोच पेला सर्वांत आवडला होता, आणि आपल्याला कोणता आवडला ते आपण येथेच लिहावे, माझ्या मताच्या विरुद्ध असला तरी.