अंडं आतून फुटतं म्हणे!

सकाळी दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर एका मैत्रिणीनं साधा मेसेज टाकला. ओळखीतली एक मुलगी, वडील नाहीत, आई रोजानं शेतात जाते, नर्सिंगला नंबर लागलाय, पण होस्टेलच्या पहिल्या हप्त्याला पैसे कमी पडतायत. जमेल तेवढं द्या. बास, एवढंच. त्यावर आमच्या एका यशस्वी वर्गमित्राचं लगेच उत्तर आलं. पैसे नाही हो, सुविचार! पिल्लू अंड्यातून बाहेर येताना त्याला मदत करू नका, कवच आपण फोडलं तर ते मरतं, त्याचं त्यानं फोडलं तर जगतं, संघर्षच माणसाला घडवतो वगैरे वगैरे. सोबत उगवता सूर्य. खाली अंगठ्यांची रांग.

मी तेव्हा माझ्या कोंबड्यांच्या शेडमध्ये पिल्लांची पाण्याची भांडी घासत होते. ओल्या हातानंच काहीतरी टाईप करणार होते, पण ग्रुपवर भांडायचं नाही असं घरी कबूल केलंय. म्हणून इथं लिहितेय. तुम्हाला वेगळं समजावायला नको.

त्या अंगठेवाल्यांपैकी किती जणांनी अंडं फुटताना बघितलंय? पिल्लू कवच फोडतं ते एकविसाव्या दिवशी. आधीचे वीस दिवस कुणी काढले? खुडूक कोंबडी रवणीला, म्हणजे अंडी उबवायला, बसली की दिवसातनं एखाद्या वेळी उठते, चार दाणे टिपते, पाणी पिते आणि धावत परत. पोटाखालची पिसं जाऊन उघडी कातडी अंड्यांना टेकलेली असते. चोचीनं सारखी अंडी फिरवत राहते, नाहीतर आतला जीव एका बाजूला चिकटून बसतो. शेवटी शेवटी तर पिल्लू आतून चिवचिवतं आणि ती वरून हळू आवाजात त्याला उत्तर देते. मशीनमध्ये हेच करायचं तर साडेसदतीस अंश धरून बसा, अठराव्या दिवसापर्यंत अंडी फिरवा, शेवटचे तीन दिवस ओलावा वाढवा. तो ओलावा कमी पडला की आतला पापुद्रा सुकून आवळतो आणि चांगलं धडधाकट पिल्लू चोच बाहेर काढून तिथंच अडकतं. त्याचा संघर्ष कमी पडलेला नसतो. पाणी कमी पडलेलं असतं.

हो, अंड्याला टोच पडल्यावर घाईघाईनं कवच सोलू नये, हे खरं आहे. पापुद्र्यातल्या रक्तवाहिन्या आटायच्या असतात, उरलेला बलक पोटात ओढून घ्यायचा असतो, त्याला बारा-चोवीस तास लागतात. तेवढा वेळ गप बसा. पण फॉरवर्डवाल्यांनी तो एक दिवस उचलला आणि बाकीचे वीस दिवस गिळून टाकले.

आणि बाहेर आल्यावर? नुकत्या निघालेल्या पिल्लाला स्वतःची ऊब धरता येत नाही. पहिला आठवडा पस्तीस अंशांच्या आसपास ऊब लागते, मग दर आठवड्याला थोडी थोडी कमी करायची. आईखाली असलं तर प्रश्न नाही. शेडमध्ये मात्र ती ऊब आपण द्यायची.

मी शेड सुरू केलं त्या पहिल्याच पावसाळ्यात, पिल्लं आली त्याच दिवशी लाईट गेली. आमच्या पाटणच्या खोऱ्यात पावसात लाईट गेली की ती कधी येईल हे विचारायचं नसतं. पिल्लांना ऊब देणारे ब्रूडरचे बल्ब बंद. पिल्लं थंडीनं कोपऱ्यात गोळा होऊन एकमेकांवर चढायला लागली. असं झालं की खालची गुदमरून मरतात. मी हातानं वरची उचलून बाजूला ठेवत होते, तोवर ती परत तिथंच. तेवढ्यात वरच्या वस्तीवरचे तात्या आले, डोक्यावर घोंगडी, हातात निखाऱ्यांचं झाकलेलं घमेलं. माझी बॅटरी सारखी इकडून तिकडे फिरताना दिसली म्हणून. मी बोलावलं नव्हतं.

आल्या आल्या त्यांनी आधी एका बाजूचा पडदा वीतभर वर केला, धूर कोंडू नये म्हणून. मग घमेलं ठेवलं, भोवती विटा लावल्या आणि उकिडवे बसून पिल्लांकडं नुसते बघत राहिले. मी विचारलं, एवढ्या ऊबेनं भागेल का? तर म्हणाले, "पोरी, तीच सांगत्यात, बघ की." खरंच. पिल्लं घमेल्याला खेटून गर्दी करायला लागली की ऊब कमी, चोची उघडून लांब पळायला लागली की जास्त, सगळीकडं पसरून निवांत पडली की बरोबर. रात्रभर तो माणूस घमेलं हातभर इकडं, हातभर तिकडं सरकवत बसला. पहाटे धार काढायला निघून गेला.

आता आमच्या वर्गमित्राला तात्यांच्या जागी उभा करून बघा. दारातनंच म्हणाला असता, ताई, यांना थंडीशी झुंजू द्या, त्यातूनच घडतील. आणि फोटो काढून स्टेटसला टाकला असता. अरे, तू पुण्यात शिकत होतास तेव्हा मावशीकडं राहिलास ना? वरणभात, डबा, धुतलेले कपडे सगळं आयतं मिळालं. पहिली नोकरी काकांच्या ओळखीनं लागली. तुझ्या अंड्यावर कोण कोण बसलं होतं ते सगळ्या वर्गाला माहीत आहे रे. आम्ही कधी बोललो नाही, इतकंच.

आणि टिकतो तो दमदार, हेही मला सांगू नका. मार्च 2020 आठवतोय? कोंबडी खाल्ली की कोरोना होतो अशी अफवा उठली आणि एका झटक्यात मार्केट बसलं. वजनदार, निरोगी पक्षी, पण खाद्याचा खर्चसुद्धा निघेना. लोकांनी फुकट वाटले, काहींनी खड्डे काढून पुरले. काय कमी होतं त्या शेतकऱ्यांच्या संघर्षात?

बरं, मदत करणारे सगळे तात्याच असतात असंही नाही. आमच्याच भागात मध्यंतरी कुणीतरी बायकांना एक दिवसाची पिल्लं वाटली. मांडव, हार, प्रत्येकीच्या हातात पुठ्ठ्याचं खोकं, भरपूर फोटो. ना बल्ब, ना लसीची सोय. मानमोडी या कोंबड्यांच्या जीवघेण्या रोगावरची लासोटा लस पहिल्याच आठवड्यात द्यावी लागते, हे त्या बायकांना सांगितलंसुद्धा नव्हतं. बरीचशी पिल्लं मेली आणि वर "यांना काही दिलं तरी सांभाळता येत नाही" हे ऐकायला मिळालं. वाटायचीच होती तर महिना-दीड महिन्याची, लसी झालेली, स्वतःची ऊब धरणारी द्यायची. थोडी महाग पडतात, फोटोत गोड दिसत नाहीत. त्या वाटपवाल्यांपैकी एकानं जरी रात्री उकिडवं बसून बघितलं असतं ना!

असो. चिडून उपयोग नाही, चहा करून आले.

मैत्रिणीनं त्या मुलीचं नाव ग्रुपवर टाकलं नाही, हे फार बरं केलं. कोंबड्यांत एखादीला जखम झाली, रक्त दिसलं, की बाकीच्या नेमक्या तिथंच टोचतात. तिला वेगळं काढावं लागतं, जखमेला जांभळं औषध लावायचं म्हणजे लाल दिसत नाही. बरी झाली की दिवसाढवळ्या परत सोडलीत तर सगळा कळप अंगावर जातो. म्हणून अंधार पडल्यावर, बाकीच्या दांडीवर बसून पेंगायला लागल्या की तिला हळूच नेऊन मधे बसवायची. सकाळी बहुतेक वेळा सगळ्या एकत्र दाणे टिपत असतात, जणू ती कुठं गेलीच नव्हती.

तात्यांनी त्या रात्रीचं गावात कुणाला सांगितलं नाही. मला तर वाटतं ते विसरूनही गेले असतील. नंतर एकदा त्यांची म्हैस विताना अडली तेव्हा मी पळत गेले, तर माझा कसला उपयोग, बॅटरी धरून उभी राहिले. त्यावर म्हणाले, जरा इकडं धर, डॉक्टरच्या डोळ्यात नको.

खोटी कारणं सांगून पैसे नेणारेही असतात, मला माहीत आहे, मलाही चुना लागलाय. म्हणून काय आता कुणाला निखारे द्यायचेच नाहीत?

ज्यांना त्या मुलीसाठी द्यायचंय त्यांनी मला इनबॉक्समध्ये विचारा, होस्टेलचा खाते नंबर देते, पैसे थेट तिथं भरा. किती भरले ते मलाही सांगू नका. पहिल्या हप्त्यानंतर दुसराही येणार आहे, तेव्हा परत विचारीन, कंटाळू नका.

आणि ज्यांना अंडं फुटताना खरंच बघायचंय, त्यांनी शनिवारी या. आमच्याकडची बॅच तेव्हाच निघतेय. चपला बाहेर, पाय औषधाच्या पाण्यात बुडवून आत. येताना रद्दी पेपर आणा, पहिले दोन-तीन दिवस तुसावर अंथरायला खूप लागतात.