मघा-पूर्वाच्या पावसातले स्थलांतर आणि आपले पाझर तलाव

मराठवाड्यात पक्षीनिरीक्षणाचा हंगाम दिवाळीनंतरच सुरू होतो, असे आपण ठरवून टाकले आहे. राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर या काळात पक्षी सप्ताह साजरा होतो, त्यानंतर पैठणला नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या, काठावर वर्दळ वाढते आणि पट्टकादंब, चक्रवाक, रोहित यांची छायाचित्रे सगळीकडे फिरू लागतात. त्या आनंदात मीही सहभागी असतो. परंतु उत्तरेकडून येणाऱ्या पक्ष्यांचे आगमन त्याच्या कितीतरी आधी, मघा-पूर्वाच्या पावसातच, म्हणजे ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, सुरू झालेले असते, आणि ते गावाशेजारच्या पाझर तलावावर घडत असताना तिकडे कोणी फिरकत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

सर्वांत आधी येतात ते चिखलात चरणारे लहान पक्षी. हिरवी तुतारी, ठिपकेवाली तुतारी, तुतवार आणि त्यांच्या मागोमाग छोटा टिलवा. यातील हिरवी तुतारी उत्तरेकडच्या जंगलांत झाडावरच्या दुसऱ्या पक्ष्यांच्या जुन्या घरट्यांत अंडी घालते, तर टिलव्याची वीण थेट ध्रुवप्रदेशातील टुंड्रात होते. तेथील उन्हाळा फार थोडा असल्यामुळे वीण आटोपताच प्रौढ पक्षी दक्षिणेकडे निघतात. त्याच वर्षी जन्मलेली पिल्ले मागाहून येतात आणि बरेचदा वाट दाखवणारे कोणी सोबत नसतानाही हजारो किलोमीटरचा प्रवास पूर्ण करतात. म्हणूनच ऑगस्टमध्ये दिसणाऱ्या टिलव्याच्या अंगावर विणीच्या हंगामातील तांबूस पिसे झिजून विटलेली असतात, आणि पुढे सप्टेंबरात दिसणाऱ्या कोवळ्या पक्ष्याची पिसे कोरी करकरीत असून पाठीवर पांढऱ्या रेघांची ठळक खूण असते. जेमतेम पंचवीस-तीस ग्रॅम वजनाच्या त्या जिवाकडे दुर्बिणीतून पाहताना, हा गेल्या जूनमध्ये अंड्यात होता, हे आठवून मन भरून येते. नोव्हेंबरात जाणाऱ्याला हा फरक सहसा इतका स्पष्ट दिसत नाही.

आता प्रश्न जागेचा. जायकवाडी धरण १९७६ मध्ये पूर्ण झाले आणि १९८६ मध्ये जलाशयाचा परिसर पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला. मात्र आपल्याकडे पावसाने ओढ दिली असली तरी नाशिक आणि नगरकडच्या पावसाचे पाणी गोदावरीतून येऊन चांगल्या वर्षी याच दिवसांत नाथसागर भरत असतो. उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या गाळपेरीच्या जमिनी पाण्याखाली जातात आणि चिखलाचे पट्टे आक्रसतात. टिलव्याला तर दोन बोटांहून अधिक पाणी चालत नाही, कारण त्याचे पाय तेवढेच आणि ओल्या गाळातील अळ्या टिपणारी चोचही तेवढीच. अशा वेळी त्याला आधार असतो तो अर्धवट भरलेल्या पाझर तलावांच्या उथळ काठांचा, गावतळ्यांचा आणि सोयाबीनच्या शेतात साचलेल्या पाण्याचा.

पावसात पक्षी दिसत नाहीत, हा समज खरा नाही. झड लागली की ते वाऱ्याकडे तोंड करून, मान आखडून काठावर स्वस्थ बसतात, आणि सर ओसरताच एकदम चरायला लागतात. तुतवाराची शेपटी तर त्या वेळी क्षणभरही थांबत नाही. काळ्या मातीत पाय रुततात, हे मान्य, पण बांधावरून पाहिले तरी पुष्कळ दिसते.

या काठांना आज कसलेही संरक्षण नाही. २०१७ च्या पाणथळविषयक केंद्रीय नियमांतून सिंचनासाठी आणि पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेले तलाव वगळलेले आहेत, आणि मराठवाड्यातील बहुतेक पाणथळ जागा नेमक्या अशाच आहेत. त्याच वर्षी राज्यात ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना सुरू झाली. तिला माझा विरोध नाही. दुष्काळी भागात तलावाची साठवण वाढणे आणि शेतकऱ्याच्या हलक्या रानात सुपीक गाळ पडणे, या दोन्ही गोष्टी गरजेच्याच आहेत. परंतु पोकलेन चारही बाजूंनी सरळ भिंतीसारखा खोल खड्डा घेते, तेव्हा पाणी काठालाच पुरुषभर खोल होते आणि पक्ष्याला पाय टेकवायला जागा उरत नाही.

म्हणून माझी विनंती ग्रामपंचायतींना आणि गाळ उपसण्याचे काम पाहणाऱ्या सर्वांना आहे. ज्या बाजूने ओढ्याचे पाणी तलावात येते, तिथला उतार मुळातच सौम्य असतो. खोली बांधाच्या बाजूला हवी तेवढी वाढवावी, पण तो एक काठ खरडू नये. येत्या उन्हाळ्यात कामाची आखणी करतानाच हे ठरवता येईल, त्यासाठी वेगळा खर्चही नाही. आणि पक्षीमित्रांनी आपापल्या गावच्या तलावावर मघा-पूर्वाच्या दिवसांतच जाऊन, काय दिसले ते तारखेनिशी लिहून ठेवावे, म्हणजे आखणीच्या वेळी ग्रामसभेत दाखवायला हातात काहीतरी असेल.