मानसशास्त्राचा प्राध्यापक नेमताना घ्यावयाची काळजी

२०२० च्या शैक्षणिक धोरणाला मान देऊन तुमच्या विद्यापीठानं आंतरविद्याशाखीय विभाग काढला, त्याबद्दल आधी अभिनंदन. जुन्या स्टोअररूमवर नवी पाटी लागली, फीत कापून झाली, पेढेही संपले. आता आत माणूस बसवायचा आहे, आणि ‘ऐनवेळच्या विषयां’त ठराव झालाय की तो मानसशास्त्राचा हवा, शिवाय संशोधन करणारा हवा. घाबरू नका. थोडी काळजी घेतलीत तर असा माणूस पायरीसुद्धा चढणार नाही.

जाहिरात दिवाळीच्या तोंडावर द्या. अर्ज ऑनलाइन मागवा, आणि त्याच अर्जाचे सहा संच, पानोपानी स्वसाक्षांकित, पोस्टानंही मागवा. ज्याचं संशोधन जास्त, त्याचं गाठोडं जड. निम्मे तिथेच दमतील. उरलेल्यांना सांगा, अर्ज योग्य मार्गानेच आला पाहिजे. योग्य मार्गावर त्यांचे प्राचार्य बसलेले असतात. त्यांची हरकत नसली तरी ना हरकत प्रमाणपत्राचा शिक्का सापडत नसतो.

खरी करामत छाननीत आहे. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीनुसार प्राध्यापकपदाला पीएच.डी., दहा वर्षांचा अनुभव, किमान दहा शोधनिबंध आणि १२० संशोधन गुण लागतात. या गुणांचा तक्ता एकदा निवांत वाचा, चहा घेऊन. विज्ञान शाखेतल्या शोधनिबंधाला ८ गुण, सामाजिक शास्त्रांतल्या निबंधाला १०. आता मानसशास्त्र कशात धरायचं? कुणी त्यात एम.ए. असतो, कुणी एम.एस्सी. एखाद्यानं डोक्याला इलेक्ट्रोड लावून स्मरणशक्ती मोजली असेल तर म्हणा विज्ञान, घ्या आठ. दुसऱ्यानं ताणतणावाची प्रश्नावली वाटली असेल तर म्हणा सामाजिक शास्त्र, घ्या दहा. विभाग आंतरविद्याशाखीय असल्यामुळे दोन्ही रकाने तुमचेच. आपला माणूस कोण ते आधी ठरवा, मग त्याला सोयीचा रकाना उघडा.

त्याच तक्त्यात सहलेखकांचाही हिशेब आहे. दोघांनी मिळून लिहिलं तर प्रत्येकाला ७० टक्के गुण. दोघांपेक्षा जास्त झाले की मुख्य लेखकाला ७० आणि बाकीच्यांना प्रत्येकी ३०. म्हणजे ज्यानं डॉक्टर, संगणकवाले, भाषावाले अशा पाचजणांची मोट बांधून काम केलं, त्या पाचातल्या चौघांच्या पदरात तीस-तीस टक्के. खोलीचं दार लावून एकट्यानं लिहिणारा पूर्ण गुण घेऊन पुढे. आंतरविद्याशाखीय विभागाला याहून बारीक चाळणी कुठे मिळणार?

आता मुलाखत. इथे एक धोका आहे: माणसं कशी निवडावीत, हाच मानसशास्त्राचा जुना धंदा. हार्वर्डच्या ह्यूगो म्युन्स्टरबर्ग यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी ट्रामचालक निवडण्यासाठी चाचणी तयार केली होती. त्यांच्याकडे शिकलेले नरेंद्रनाथ सेनगुप्ता कलकत्ता विद्यापीठात आले आणि १९१६ मध्ये भारतातला पहिला मानसशास्त्र विभाग तिथे उभा राहिला. पुढे संशोधकांनी अनेकदा दाखवून दिलं की सर्व उमेदवारांना ठरवून तेच प्रश्न विचारले तर निवड बरी होते, मोकळ्या गप्पांवर केलेली फसते. हे सगळं समोरच्या उमेदवाराला पाठ असतं. तुम्ही बिचकू नका. ट्रामखाली माणसं सापडतात म्हणून तिथे चाचणी. प्राध्यापकाखाली फक्त विद्यार्थी सापडतात. गप्पाच मारा. “मूळ गाव कुठलं?” इथून सुरुवात करा. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्येच लिहिलं होतं की एका गुणानं डोळे दिपले की बाकीचे सगळे गुण आपोआप दिसू लागतात. उमेदवार उंच, आवाज भारदस्त, कोट शिवून घेतलेला, म्हणजे संशोधनही उत्तमच असणार.

निवड समितीच्या गणपूर्तीला चार सदस्य लागतात आणि त्यांत बाहेरचे दोन विषयतज्ज्ञ असावे लागतात, त्याला इलाज नाही. त्यांची परतीची गाडी चारची काढा. तीन वाजल्यापासून सगळेच उमेदवार त्यांना सारखे दिसू लागतात.

एखादी चिवट बाई तरीही टिकेल. म्हणेल, दुसऱ्याचा गाजलेला प्रयोग मी तीन वर्षं पुन्हा करून पाहिला आणि तो निष्कर्ष आला नाही. २०१५ मध्ये शंभर मानसशास्त्रीय अभ्यास असेच पुन्हा करून पाहिले गेले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय निष्कर्ष होते, नव्यानं केल्यावर ते उरले ३६ टक्क्यांत. त्या शास्त्रात ही मोठी खळबळ होती. तुम्ही एवढंच विचारा, “म्हणजे तीन वर्षांत नवीन काहीच नाही?” ती प्रयोगशाळेचं विचारेल, स्टोअररूमची किल्ली दाखवा. संशोधनाची नीतिमत्ता समिती आहे का असं विचारेल. सांगा, आमच्याकडे सगळेच नीतिमान आहेत. शेवटी एखादे सदस्य जागे होऊन म्हणतीलच, “मॅडम, माझ्या मनात आत्ता काय चाललंय सांगा बघू.” सगळ्यांनी हसावं. ती हसली नाही तर ‘संघभावनेचा अभाव’ असं टिपून ठेवा.

शेवटी ‘सुयोग्य उमेदवार आढळला नाही’ असा शेरा मारून लिफाफा बंद करा आणि तीच जाहिरात तारीख बदलून पुढच्या दिवाळीला काढा. सोमवारपासून मानसशास्त्राचे तास मात्र बुडवू नका. तत्त्वज्ञानाच्या सीएचबीवाल्या, म्हणजे तासावर पैसे मिळणाऱ्या, मॅडम दुपारी रिकाम्याच असतात.