‘प्रार्थना केली तर बिघडलं कुठे?’ – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत, म्हणून दोन ओळींत न उरकता वेगळं उत्तर लिहितोय. मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी: अमेरिकेत गोळीबार झाला की तिथले पुढारी तासाभरात ‘आमच्या संवेदना आणि प्रार्थना’ अशी पोस्ट टाकतात आणि मोकळे होतात, असं मी म्हटलं होतं. तुमचं म्हणणं असं, की तुम्ही टेक्ससमध्ये प्लेनोला राहता, मे 2023 मध्ये शेजारच्या ॲलनच्या मॉलमध्ये आठ जण मारले गेले तेव्हा त्या दोन ओळींचाही आधार वाटला. पुण्यात बसून त्याची टिंगल करणं सोपं आहे. आणि मी झोडपतो ते फक्त रिपब्लिकनांना.

आधार वाटला असेल, यावर माझा वाद नाही. शेजारी, मंडळातली माणसं, चर्चमधले पाद्री ‘तुमच्यासाठी प्रार्थना करतोय’ म्हणाले तर त्यात खोट काढणारा मी कोण? पण त्यांच्याकडे देण्यासारखं तेवढंच असतं. गव्हर्नरच्या हातात सही असते, सिनेटरच्या हातात मत असतं. त्यांनीही शेजाऱ्याएवढंच देऊन हात झटकायचे, याला माझा आक्षेप आहे.

प्रार्थना करणारा माणूस कामही करू शकतो, हे तुमच्याच राज्यातल्या रिपब्लिकन सिनेटर जॉन कॉर्निन यांनी दाखवलं. 24 मे 2022 रोजी टेक्ससमधल्या उवाल्डेच्या शाळेत गोळीबारात 19 मुलं आणि 2 शिक्षिका गेल्या. त्यानंतर कॉर्निन वाटाघाटींना बसले ते डेमोक्रॅट सिनेटर क्रिस मर्फी यांच्याबरोबर. हे तेच मर्फी, ज्यांनी डिसेंबर 2015 मध्ये सॅन बर्नार्डिनोत 14 जण मारले गेल्यावर ट्विटरवर सहकाऱ्यांना सुनावलं होतं, की पुन्हा काहीच करणार नसाल तर प्रार्थना क्षमेसाठी करा. महिन्याभरात कायदा झाला. 21 वर्षांखालच्या खरेदीदाराची जास्त कसून चौकशी, धोकादायक वाटणाऱ्या माणसाकडून कोर्टामार्फत बंदूक काढून घेण्याच्या योजनांसाठी राज्यांना पैसे, असं बरंच काही त्यात आहे. क्रांती वगैरे नाही. बदल्यात कॉर्निन यांना काय मिळालं? ह्यूस्टनच्या पक्ष अधिवेशनात त्यांच्याच कार्यकर्त्यांनी त्यांची हुर्यो उडवली. त्या दिवसांत त्यांनी पोस्ट काय टाकली होती ते मला आठवत नाही, आणि शोधावीशीही वाटली नाही.

टेक्ससचे गव्हर्नर ग्रेग ॲबट यांची एक पोस्ट मात्र सगळ्यांना आठवते. ऑक्टोबर 2015 मध्ये त्यांनी लिहिलं होतं, की नव्या बंदुकांच्या खरेदीत टेक्सस कॅलिफोर्नियाच्या मागे दुसऱ्या क्रमांकावर आहे याची मला लाज वाटते, टेक्ससवाल्यांनो, जरा वेग वाढवा. टेक्ससमध्ये मोठा गोळीबार झाला की लोक ती उकरून काढतात. खरं सांगू? मला ती त्यांच्या नंतरच्या शोकसंदेशांपेक्षा प्रामाणिक वाटते. 2021 मध्ये परवान्याशिवाय पिस्तूल बाळगायची मुभा देणाऱ्या कायद्यावर त्यांनी सही केली. जे लिहिलं तेच केलं. मतदाराला निदान कळतं तरी, की आपण कोणाला निवडून देतोय.

ज्या प्रकाराची मला खरी चीड आहे तो वेगळाच. 14 जून 2025 ला मिनेसोटात तिथल्या सभागृहाच्या माजी सभापती, डेमोक्रॅट मेलिसा हॉर्टमन आणि त्यांचे पती यांना घरी जाऊन गोळ्या घातल्या गेल्या. यूटाचे रिपब्लिकन सिनेटर माइक ली यांच्या अधिकृत अकाउंटवर रीतसर निषेध आला, पीडितांसाठी प्रार्थनेचं आवाहनही आलं. त्याच ली यांच्या वैयक्तिक अकाउंटवर, हत्येच्या दुसऱ्याच दिवशी, मार्क्सवाद्यांच्या मनासारखं झालं नाही की असं होतं, अशा अर्थाचा टोमणा होता. शिवाय मिनेसोटाचे डेमोक्रॅट गव्हर्नर टिम वॉल्झ यांच्या आडनावावर एक कोटी, तीही स्पेलिंग चुकवून. माणूस एक, मेलेली माणसं तीच, आणि दोन खिडक्यांवर दोन वेगळे माल. सोमवारी मिनेसोटाच्या सिनेटर टिना स्मिथ यांनी ली यांना संसदेच्या इमारतीतच गाठलं आणि तोंडावर सांगितलं, की तुमच्या त्या शब्दांनी मला आणि माझ्या राज्यातल्या लोकांना किती त्रास झालाय. हॉर्टमन त्यांची मैत्रीण होती. मंगळवारी पोस्ट गायब. लाखो लोकांनी फोनवर शिव्या घातल्या तेव्हा ढिम्म न हललेला माणूस एका बाईने समोर उभं राहून विचारल्यावर हलला!

राहिला एकतर्फीपणाचा मुद्दा. जानेवारी 2011 मध्ये टुसानला डेमोक्रॅट खासदार गॅबी गिफर्ड्स यांच्या डोक्यात गोळी घातली गेली, सहा जण मेले. रिपब्लिकन नेत्या सारा पेलिन यांनी आधीच्या वर्षी फेसबुकवर टाकलेल्या नकाशात गिफर्ड्स यांच्या मतदारसंघावर बंदुकीच्या नेमासारखी खूण होती. नकाशा असभ्यच होता. पण हल्लेखोराने तो पाहून गोळी झाडली याचा पुरावा कधीच निघाला नाही, आणि तरी ‘पेलिननेच हे घडवलं’ म्हणून डावीकडचे लोक त्याच दिवशी मोकळे झाले होते. सँडी हूकच्या शाळेत 20 लहान मुलं गेल्यावरही 2013 साली बॅकग्राउंड चेकची, म्हणजे बंदूक विकण्याआधी खरेदीदाराची पार्श्वभूमी तपासण्याबद्दलची दुरुस्ती सिनेटमध्ये लागणारी 60 मतं न मिळाल्याने पडली, तेव्हा विरोधात चार डेमोक्रॅटही होते. घ्या, त्यांनाही झोडपलं.

आणि हो, पुण्यात बसून. इथलंही पाहतोच आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये मुंबईत माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकरांवर फेसबुक लाइव्ह चालू असताना गोळ्या झाडल्या गेल्या. पुढचे दोन दिवस आमचे पुढारी कशात गुंतले होते? मारेकरी कोणाच्या बंगल्यावर गेला होता, कोणाचा माणूस होता, यात. तुमच्याकडे बंदुकीच्या कायद्यावरून तरी भांडतात. आमच्याकडे ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ आणि गृहमंत्र्यांचा राजीनामा, या दोन्हींच्या मधलं काही कोणी बोलतच नाही. पिस्तूल आलं कुठून, हा प्रश्न पोलिसांच्या पत्रकापुरता उरतो.

शेवटी तुम्ही विचारलंत, मग पुढाऱ्याने त्या दिवशी लिहावं तरी काय. पहिल्या दिवशी कामाचं तेवढंच: कोणता रस्ता बंद आहे, नातेवाइकांनी कुठे जमायचं, रक्त कुठे द्यायचं. तपशील आणि शाबासक्या थोड्या थांबवाव्यात. उवाल्डेत ॲबट यांनी दुसऱ्याच दिवशी पोलिसांचं कौतुक केलं, आणि पुढे उघड झालं की पोलीस 77 मिनिटं वर्गात न शिरता ताटकळत थांबले होते. प्रार्थना करायची तर खुशाल करावी. आठवडाभरात मात्र दुसरी पोस्ट हवी: अमुक विधेयकाला मी मत देणार, किंवा देणार नाही, आणि का. ‘देणार नाही’ असं कोणी सरळ लिहिलं तरी मला चालेल. तुमच्या खासदाराने असं कधी लिहिलं असेल तर लिंक जरूर पाठवा, मूळ लेखाखाली लावतो.