मागचं मंदिर कुठंय?

कॅमेरा घेतला तेव्हा बायकोने एवढंच विचारलं होतं, फोनमध्ये नाहीये का? त्यावर मी सेन्सर, लेन्स, लाइट असं अर्धा तास बोललो, ती म्हणाली बरं, पण आधी मिक्सर घेऊ. मग मिक्सर घेतला आणि नंतर कॅमेरा. आज पाच वर्षं झाली, मिक्सर रोज चालतो आणि त्याच्याबद्दल कुणी एक शब्द बोलत नाही, कॅमेऱ्यावर मात्र घरात येणारा प्रत्येक माणूस चप्पल काढायच्या आधी मत देतो.

सुरुवात सिन्नरला झाली. गोंदेश्वर माहितीच असेल, नाशिकहून तासाभरात पोचतो, यादवांच्या काळातलं काळ्या दगडाचं मंदिर, मधे महादेव आणि चार कोपऱ्यांत पार्वती, गणपती, सूर्य, विष्णू यांची छोटी देवळं. सकाळचं ऊन शिखरावर तिरपं पडलं की नक्षी अशी उठून येते की आपण काही न करता पण फोटो बरा येतो. पण मी काही न करता कसला बसतोय, मी नुकतीच ५० एमएमची लेन्स घेतलेली, एफ १.८ वाली, म्हणजे भोक चांगलं मोठं उघडणारी. हौशी माणसाची पहिली वेगळी लेन्स बहुतेक हीच, कारण परवडते आणि माणसाच्या मागचं सगळं लोण्यासारखं मऊ धूसर करून टाकते. सोबत आई, बाबा, सासूबाई, मामा, मामी, आत्या आणि दोन भाचरं. आमची आत्या कुठंही निघाली की दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि मतं हे तिन्ही भरपूर बांधून घेते.

नंदीच्या मंडपापुढे दोन ओळी केल्या, मोठी माणसं मागे, बाकीची पुढे बसली. मी १.८ वर ठेवून खटाखट दहा काढले आणि तिथंच स्क्रीनवर दाखवायची चूक केली.

"मागचं मंदिर कुठंय?" मामा.

"आहे ना, ते बघा, धूसर दिसतंय ते."

"म्हणजे पैसे देऊन धूसर करायचं? मग आपल्या गल्लीत काढला असता की, डिझेल तरी वाचलं असतं."

तोवर आत्याने चष्मा चढवून स्क्रीन नाकाला लावली होती. आता झालं होतं असं की लेन्स इतकी उघडी ठेवली की फोकस जेमतेम वीतभर जागेत राहतो, तो पुढच्या ओळीवर बसला आणि मागची ओळ गेली. हे आता तुम्हाला सांगतोय ते कळतंय, आत्याला नाही कळलं. तिला एवढंच दिसलं की पुढे बसलेल्या मामीच्या नथीतला मोती न मोती मोजता येतोय आणि मागे उभ्या असलेल्या तिचा चेहरा कुणीतरी ओल्या फडक्याने पुसल्यासारखा आहे. "मामी बरी ठळक आली रे तुझी," एवढंच म्हणाली. ते "तुझी" मला अजून ऐकू येतं.

मग म्हटलं एफ ८ वर घेतो, म्हणजे भोक बारीक, सगळे ठळक येतील, आणि मंदिर पूर्ण पाहिजे तर मागे जातो. पण ५० एमएममध्ये, त्यात माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर छोटा म्हणजे चौकटीत अजूनच कमी मावणार, तेवढं शिखर बसवायला माणसाने किती मागे जावं? मी मागे, अजून मागे, सगळे ओरडतायत अजून मागे, आणि माझा पाय दशम्यांच्या डब्यात. ॲल्युमिनियमचा डबा, कडेने चेपला, तो आजही चेपलेलाच आहे आणि प्रत्येक दिवाळीला चकल्या त्याच डब्यातून येतात, मुद्दाम.

शेवटी मामाने स्वतःचा फोन तिथल्या एका कॉलेजच्या पोराला दिला. तीन सेकंद. सगळी माणसं, सगळं मंदिर, सगळे पाय, शिवाय डाव्या कोपऱ्यात खाजवणारं एक कुत्रं, सगळं एकसारखं ठळक. तोच फोटो आत्याच्या हॉलमध्ये फ्रेम करून लावलाय.

दादासाहेब फाळके आमच्या त्र्यंबकचे, जन्म १८७०. सिनेमाच्या कितीतरी आधी त्यांनी गोध्र्याला फोटो स्टुडिओ टाकला होता, पण तो धंदा काही फार टिकला नाही. कारणं काय असतील ती असतील, मला तर वाटतं त्यांनाही एक आत्या असणार.

बरं, माणसं नकोत तर पक्षी काढू असं ठरवलं. नांदूरमध्यमेश्वर, निफाड तालुक्यात, रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक यादीत गेलेली महाराष्ट्रातली पहिली जागा. थंडीत तिथं पाण्यावर पक्ष्यांचा बाजार भरलेला असतो, बदकं, चमचे, जांभळ्या पाणकोंबड्या. मी एकटाच पहाटे पाचला निघणार होतो. पण आमच्याकडे एकटाच असा शब्द नाही, गाडीत जागा आहे ना मग, या हिशोबाने निघता निघता साडेआठ झाले आणि वाटेत मिसळ झाली, मिसळीवर एक्स्ट्रा तर्री झाली, पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर. टॉवरवर चढलो. दीडशे पावलांवर एक चमचा पाण्यात चोच फिरवत येत होता, एकदम संथ, माझा श्वास रोखलेला, अजून थोडा जवळ आला की घेणार, आणि मागे सासूबाईंनी चिवड्याची पुडी फोडली. ती प्लॅस्टिकची करकर, त्यात भाचा ओरडला, काका, चमचा कुठंय, मला पण चमचा पाहिजे. त्याला वाटलं चिवड्याला.

त्या दिवशी २१४ फोटो काढले. त्यातल्या त्यात बरा होता तो फॅमिली ग्रुपवर टाकला, लालसर पहाट असती तर वगैरे मनात हळहळत. पहिलं उत्तर मामांचं, लेन्सवर डाग आहेत बघ, पुसून घे.

ते डाग म्हणजे उडणारी बदकं होती.

आता रंगपंचमी. बाहेरच्यांसाठी सांगतो, नाशिकला रंग धुळवडीला नाही, पंचमीला. आणि जुन्या नाशकात पेशव्यांच्या वेळच्या रहाडी आहेत, म्हणजे जमिनीत बांधलेले दगडी हौद, वर्षभर ते बुजवलेले असतात, वरून रिक्षा, टू व्हीलर सगळं जातं, नवीन माणसाला कळणार पण नाही की खाली काय आहे. पंचमीला उघडतात, रंगाच्या पाण्याने भरतात आणि पोरं त्यात धप्पा मारतात. धप्पा म्हणजे नुसती उडी नाही, पाणी चारी बाजूंनी वर उडालं पाहिजे, काठावरचा माणूस कोरडा राहिला तर तो धप्पा कसला. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला, तिवंधा चौकातली पिवळी.

मी तयारीने गेलो होतो. कॅमेऱ्याला दुधाच्या दोन पिशव्या, कडेने रबर, लेन्सपुरतं भोक. शटर हजारावर, म्हणजे पाण्याचा थेंब न थेंब हवेत थांबलेला येईल. एका ओट्यावर चढून उभा राहिलो, खालून एक काका म्हणाले, साहेब तिथं नका उभे राहू. मी त्यांच्याकडे असा बघितला की जसं काही मला फ्रेम कळते यांना काय कळतंय. तेवढ्यात तीन पोरांनी मिळून एकदम धप्पा मारला.

फोटो मिळाला हो. पिवळ्या पाण्याची भिंत, वर वाड्याचा सज्जा, भिंतीच्या मधोमध एक दात दाखवणारा चेहरा. माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला फोटो, आणि त्यानंतरच्या सेकंदाला ती भिंत माझ्यावर आली.

कॅमेरा दोन दिवस तांदळाच्या डब्यात ठेवला, कुणीतरी सांगितलेलं. चालू झाला नाही. तिसऱ्या दिवशी जेवायला बसलो तर भात जरा पिवळसर. आईला म्हटलं हळद घातलीस का, म्हणाली, नाही रे, ते तुझ्या कॅमेऱ्याचेच, इंद्रायणी आहे, टाकायचे का? दुरुस्तीवाल्याने कॅमेरा हातात घेतला, बाजूच्या फटीत नख घालून पिवळी पावडर काढली, वास घेतला आणि म्हणाला, तिवंधा का? तुमच्या आधी दोन आलेत.

कार्डातला फोटो मात्र वाचला. मी ग्रुपवर टाकला आणि संध्याकाळपर्यंत तो अख्ख्या नाशकात फिरत होता. तीन जणांनी तो मलाच पाठवला, "आपलं नाशिक" असं लिहून. नाव कुणाचंच नाही. एकाने तर मला सांगितलं की बघ, याला म्हणतात फोटोग्राफी.

असो. खरा प्रसंग गणपतीचा आहे. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी काका, मेंटेनन्सचा हिशोब पण तेच बघतात, त्यावरून सोसायटीत जी काही कुजबुज असते ती असते, मी त्यात नाही. आरतीला मी एक फोटो काढला, हॉलचे लाइट बंद, फक्त निरांजनांचा उजेड, काकांचे हात जोडलेले, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर तो केशरी प्रकाश. खरंच सुंदर आला होता. रात्री साडेअकराला फोन.

"अरे, माझे डोळे मिटलेत."

"काका, आरतीत डोळे मिटतातच ना."

"मिटतात रे, पण मी झोपल्यासारखा दिसतोय. उघडून दे."

"उघडून म्हणजे?"

"तुम्हाला कॉम्प्युटरवर येतं ते. उद्या सकाळी फ्लेक्सला द्यायचाय."

रात्री एक वाजेपर्यंत बसलो. काकांचा डोळे उघडे असलेला, त्याच कोनातला एकच फोटो सापडला, प्रसाद वाटतानाचा, मोदकांच्या ताटाकडे बघतानाचा. ते डोळे कापून आरतीच्या फोटोत बसवले, उजेड जुळवला, सुरकुती जुळवली, स्वतःवरच खूश झालो आणि पाठवून झोपलो.

सकाळी काकांचा अंगठा, हार, दोन नमस्कार. दुपारी गेटवर सहा बाय चारचा फ्लेक्स. बायको भाजी घेऊन आली ती हसतच, म्हणाली, खाली जाऊन बघून ये. गेलो. जवळून काही वाटत नव्हतं, चार पावलं मागे आलो आणि दिसलं. काकांचे हात बाप्पाला जोडलेले, मान झुकलेली, आणि नजर मात्र उजव्या कोपऱ्यात खाली, जिथं मूळ फोटोत आरतीचं ताट होतं. शंभराच्या दोन नोटा, पन्नासच्या तीन, बाकी सुट्टे. एवढं एकाग्र बघतायत की मोजताहेत म्हणावं.

अख्खी सोसायटी फ्लेक्ससोबत सेल्फी काढून गेली. काका फार खूश, अनंत चतुर्दशीनंतरही उतरवू देईनात. आणि खाली, डाव्या बाजूला, पाच वर्षांत पहिल्यांदाच, ठळक लाल अक्षरात: छायाचित्र सौजन्य, पुढे माझं पूर्ण नाव, फ्लॅट नंबरसकट.