घराणं जुनं, एकी नवी

जपानबद्दलचा तो फॉरवर्ड आज पुन्हा आला. २६०० वर्षं एकच राजघराणं, थेट सूर्यदेवीचा वंश, म्हणून म्हणे अख्खा देश एकदिलाने चालतो. मला त्यातला 'म्हणून' काही केल्या पटत नाही.

कथा सुरेख आहे, वादच नाही. सूर्यदेवी अमातेरासूचा नातू निनिगी स्वर्गातून खाली उतरतो आणि त्याचा पणतू जिम्मू इ.स.पू. ६६० मध्ये पहिला सम्राट होतो. पण हे सगळं 'कोजिकी' आणि 'निहोन शोकी' या जुन्या इतिहासग्रंथांत लिहून निघालं ते इ.स. ७१२ आणि ७२० मध्ये, तेही दरबाराच्याच आश्रयाने. जिम्मू खरंच होऊन गेला याला पुरावा नाही. (आपल्या गादीला देवाचा दाखला जोडायची हौस कुठल्या दरबाराला नसते?)

बरं, या वंशाने देश एकत्र ठेवला म्हणावं, तर १३३६ ते १३९२ दोन दरबार होते, दोन सम्राट होते आणि त्यांच्या नावाने लढाया चालू होत्या. पुढे तर पार कंगाली आली. गो-काशिवाबारा हा सम्राट १५०० साली गादीवर आला, पण तिजोरीत खडखडाट, त्यामुळे राज्यारोहणाचा सोहळा व्हायला १५२१ उजाडलं! सरदार एकमेकांच्या उरावर बसले होते, सूर्यवंशाला विचारतो कोण?

एकी घडवली ती १८६८ नंतरच्या, मेइजी सम्राटाच्या काळातल्या सरकारने. रेल्वे, सक्तीचं शिक्षण, सक्तीची सैन्यभरती, आणि या सगळ्याला मुलामा म्हणून ही पुराणकथा. ११ फेब्रुवारी हा जिम्मूच्या राज्यारोहणाचा दिवस ठरला आणि १८८९ ची राज्यघटना नेमकी त्याच दिवशी जाहीर झाली. दोन वर्षांनी, जानेवारी १८९१ मध्ये, तोक्योतल्या एका सरकारी विद्यालयात सम्राटाची सही असलेल्या शिक्षणविषयक आज्ञापत्रापुढे एकेक शिक्षक येऊन कमरेत वाकत होता. उचिमुरा कान्झो हे ख्रिस्ती शिक्षक. त्यांनी नुसती मान जराशी लववली. एवढ्यावरून देशभर गदारोळ झाला आणि नोकरी गेली. १९४० मध्ये २६०० वं वर्ष थाटात साजरं झालं, त्याच वर्षी 'कोजिकी' आणि 'निहोन शोकी'ची चिकित्सा करणाऱ्या इतिहासकार त्सुदा सोकिची यांच्या पुस्तकांवर बंदी आली आणि पुढे खटल्यात शिक्षाही झाली. अशा एकीचं कौतुक मला नाही करता येत.

१ जानेवारी १९४६ ला खुद्द सम्राट हिरोहितोंनी जाहीर केलं की सम्राट आणि प्रजेचं नातं निव्वळ दंतकथांवर उभं नाही. १९४७ च्या घटनेत सम्राट उरला तो राष्ट्राचं आणि जनतेच्या एकतेचं प्रतीक म्हणून. आणि गंमत म्हणजे मला मान द्यावासा वाटतो तो याच सम्राटपदाला. १९९१ मध्ये उन्झेन ज्वालामुखीने लोकांना बेघर केलं, तेव्हा सम्राट अकिहितो आणि सम्राज्ञी मिचिको निवारा केंद्रात गेले आणि जमिनीवर गुडघे टेकून लोकांशी बोलले. काही कर्मठांना ते रुचलं नाही. देवाच्या वंशजाने गुडघे टेकायचे म्हणजे काय!

याच अकिहितोंनी डिसेंबर २००१ मध्ये, वाढदिवसाच्या निमित्ताने पत्रकारांशी बोलताना, आणखी एक गोष्ट सांगून टाकली: आठव्या शतकातल्या कानमू सम्राटाची आई कोरियातल्या बेकजे या प्राचीन राज्याच्या राजाच्या वंशातली होती, तशी नोंद जपानच्याच जुन्या इतिहासग्रंथात आहे, आणि त्यामुळे आपल्याला कोरियाशी नातं वाटतं. कोरियात त्याची मोठी बातमी झाली. जपानमधल्या बऱ्याच वृत्तपत्रांनी मात्र ती सोयीस्करपणे कोपऱ्यात सरकवली.